सायकलीचे आमिष आणि मूठभर बेदाणे : सांगलीतील एका मुलाचा प्रकरण अभ्यास

तक्रार

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबातील पाचवीतल्या मुलाला त्याचे आई-वडील जानेवारी महिन्यात माझ्याकडे घेऊन आले. खुर्चीवर बसण्यापूर्वीच वडिलांनी टेबलावर दोन वह्या ठेवल्या. पहिली शाळेची, गणिताची होती. तिच्यात पानाच्या वरच्या भागात तीन किंवा चार उदाहरणे सोडवलेली आणि खालचे पान कोरे, हा क्रम जूनपासून डिसेंबरपर्यंत जवळजवळ न चुकता चालू होता. दुसरी वही दुकानातली कच्ची वही होती. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत, सौदे चालू असताना, हा मुलगा दिवाणजींच्या शेजारी बसून एकेका ढिगाची पोती, लागलेला भाव आणि घेणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव उतरवून घेत असे. त्या वहीत खाडाखोड पुष्कळ होती, पण अर्धवट सोडलेली नोंद एकही नव्हती. "मॅडम, ह्यातलं खरं पोरगं कुठलं, तेवढं सांगा," असे वडील म्हणाले.

मुलाची ओळख पटेल असे तपशील बदलले असून पालकांच्या संमतीने हे टिपण लिहिले आहे. त्याला येथे मुद्दामच नाव दिलेले नाही.

घरच्यांनी आधी काही केले नव्हते असे नाही. शाळा सुरू होतानाच वडिलांनी शब्द दिला होता, की वार्षिक परीक्षेत ८० टक्के पडले तर गिअरची सायकल घेऊन देईन. मुलाला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आईला विश्रामबागेतल्या दुकानात नेऊन त्याने सायकलीचा रंगही पसंत करून ठेवला. दोन दिवस त्याने कोणी न सांगता दप्तर उघडले. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा चार उदाहरणे आणि कोरे पान. सहामाहीत गुण घसरल्यावर वडिलांनी बोली वाढवली, सायकलीवर मोबाइल कबूल केला, आणि तरीही वही भरेना तेव्हा पोराला कशाचीच किंमत नाही असा निष्कर्ष काढला. आईचे निरीक्षण नेमके उलटे होते. सायकल आता मिळणार नाही या विचाराने तो रात्री रडतो, आणि सकाळी तीच वही तशीच मिटून ठेवतो, असे तिने सांगितले. बक्षीस मनापासून हवे असणे आणि त्या हवेपणाचा हाताशी असलेल्या कामाला काडीचाही उपयोग न होणे, या दोन्ही गोष्टी एकाच मुलात एकाच वेळी खऱ्या होत्या. मला या प्रकरणात जे सांगायचे आहे ते एवढ्या एका विसंगतीबद्दल आहे.

वडिलांनी जाता जाता आणखी एक वाक्य टाकले, ते मी त्याच दिवशी लिहून ठेवले. (पेव म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले कोठार.) "आमचा आजा हरिपुरात पेवात हळद घालायचा आणि भाव येईपर्यंत दोन-दोन वर्षं पेवाचं तोंड उघडायचा नाही. आणि ह्याला चार गणितं धीर निघत नाही."

निदान

निदानाला सहा आठवडे लागले, आणि ते लागू दिले याचे मला समाधान आहे. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानसंहितेनुसार अवधानन्यूनता व अतिचंचलता, म्हणजे ज्याला सर्वजण एडीएचडी म्हणतात ती स्थिती, ठरवताना अवधानाशी संबंधित नऊ आणि चंचलता-उतावीळपणाशी संबंधित नऊ लक्षणे पाहतात. मुलांमध्ये यांपैकी कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. त्यांतली काही बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावीत, ती दोन किंवा अधिक ठिकाणी आढळावीत, आणि त्यांमुळे प्रत्यक्ष नुकसान होत असावे, अशाही अटी आहेत. आई आणि वर्गशिक्षिका यांनी स्वतंत्रपणे भरलेल्या, एडीएचडीची लक्षणे मोजणाऱ्या व्हँडरबिल्ट प्रश्नावल्या आणि माझ्या मुलाखती एकत्र पाहता पहिल्या गटातील सात आणि दुसऱ्या गटातील सहा लक्षणे स्पष्ट होती. बालवाडीच्या बाईंनीही "एका जागी ठरत नाही" असा शेरा दिलेला प्रगतिपत्रकात सापडला.

इतर शक्यता एकेक करून बाजूला काढल्या. दृष्टी, श्रवण आणि रक्तातील लोह ठीक होते. तो मध्येच काही क्षण शून्यात पाहतो असे शिक्षिकेने लिहिले असल्यामुळे फिटचा सूक्ष्म प्रकार नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांनी ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींची नोंद, करून पाहिले. वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्यांत तो वयाला साजेसा होता, त्यामुळे अध्ययन अक्षमता नव्हती. (परीक्षेत सवलतीसाठी दाखला मिळेल का, असे वडिलांनी विचारले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही, हे त्यांना सांगावे लागले.) झोपेचा प्रश्न मात्र खरा होता. हंगामात दुकानाचा हिशेब रात्री अकरापर्यंत घरच्या दिवाणखान्यात चाले आणि मुलगा त्याच खोलीत झोपत असे. हिशेब दुसऱ्या खोलीत हलवल्यावर महिनाभरात त्याची सकाळची चिडचिड कमी झाली, पण वही होती तशीच राहिली.

मिरज शेजारीच असल्यामुळे तपासण्यांची सोय आमच्या भागात हाताशी आहे, आणि म्हणूनच "एकदा एमआरआय करून घेऊ" ही सूचना फार लवकर येते. ती या घरातूनही आली. एडीएचडीचे निदान मेंदूच्या कोणत्याही छायाचित्रावरून होत नाही, हे मी तेव्हा थोडक्यात सांगितले. त्यामागचे कारण पुढे ओघाने येईल.

वाट पाहण्याच्या काळात मेंदूत काय होते

बक्षिसाला मेंदू कसा प्रतिसाद देतो याबद्दलच्या आजच्या समजुतीचा पाया मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत आहे. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये जे मांडले ते असे. माकडाला अनपेक्षितपणे फळांच्या रसाचा थेंब मिळाला, की मध्यमेंदूतील डोपामिन (पेशींमधला एक रासायनिक संदेशवाहक) स्रवणाऱ्या पेशींची क्रिया उसळते. रसापूर्वी ठराविक खूण होते हे माकडाच्या अंगवळणी पडले, की ती उसळी रसावरून सरकून खुणेवर येते आणि प्रत्यक्ष रस मिळताना पेशी फारशा हलत नाहीत. खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते. म्हणजे शिकून तयार झालेला मेंदू बक्षिसाचे मोल बक्षीस हाती येण्याची वाट न पाहता खुणेवरच जमा करून घेतो. वडिलांना हे समजावताना मी त्यांच्याच धंद्यातला शब्द वापरला : खूण म्हणजे इसार, सौदा ठरताना आगाऊ हातात पडणारी रक्कम. व्यवहार पुरा व्हायला महिना असला तरी इसार हातात पडलेला असतो, म्हणून मधला महिना माणूस निश्चिंतपणे काम करतो.

गेल ट्रिप आणि जेफ विकेन्स यांनी २००८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये ही उसळी बक्षिसावरून खुणेवर पुरती सरकत नाही. बक्षीस मिळाल्याचा आनंद त्यांना इतरांसारखाच होतो, मात्र ते मिळणार असल्याची खूण त्यांच्या मेंदूत इसारासारखी काम करत नाही, आणि परिणामी काम व बक्षीस यांच्यामधला सगळा काळ त्यांना आतल्या कोणत्याही आधाराशिवाय काढावा लागतो. हा सिद्धान्त आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, कारण जिवंत मुलाच्या एकेका डोपामिन पेशीची क्रिया कोणी मोजू शकत नाही. पण सायकलीसाठी रडणाऱ्या आणि वही मिटणाऱ्या मुलाचे चित्र त्यात जितके नेमके बसते तितके ते "किंमत नाही" या निष्कर्षात बसत नाही. याच प्रश्नाकडे जरा वेगळ्या अंगाने पाहणारे आणखी दोन विचार येथे नोंदवले पाहिजेत. नॉर्वेचे टेर्जे सागवोल्डेन यांच्या मते या मुलांत बक्षिसाचा परिणाम त्याला लागणाऱ्या विलंबाबरोबर फार तीव्र उताराने घसरतो. इंग्लंडमधील एडमंड सोनुगा-बार्क यांनी १९९२ मध्ये दाखवले, की अशी मुले लहान पण तात्काळ बक्षीस निवडतात ती मुख्यतः त्यामुळे एकूण थांबणे वाचत असेल तेव्हा, म्हणजे हव्यासापेक्षा प्रतीक्षेचा जाच टाळण्याची ओढ त्यात मोठी असते.

माणसांवरचा पुरावा मेंदूतील रक्तप्रवाहाच्या मोजमापातून आला आहे. ब्रायन नटसन यांनी २००० च्या सुमारास तयार केलेल्या चाचणीत पडद्यावर एक खूण येते, काही सेकंद थांबावे लागते, मग पटकन कळ दाबली तर पैसे मिळतात. या थांबण्याच्या सेकंदांत व्हेंट्रल स्ट्रायटम हा मेंदूच्या आतला भाग किती जागा होतो ते मोजता येते. अनुक शेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या किशोरांत तो कमी जागा होताना दिसला. २०१४ मध्ये मायकेल प्लिश्टा आणि शेरेस यांनी तोवरचे असे अभ्यास एकत्र केले तेव्हा फरक टिकला, मध्यम आकाराचा, सुमारे अर्ध्या प्रमाण-विचलनाइतका (प्रमाण-विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचे माप). त्याच वर्षी एमी फुरुकावा आणि ट्रिप यांच्या गटाने ब्राझीलमधील तरुणांच्या लहान गटांवर पाहिले, तर एडीएचडी नसलेल्यांत खुणेला मिळणारा प्रतिसाद मोठा होता आणि असलेल्यांत प्रत्यक्ष बक्षिसाला मिळणारा. नोरा वोल्को यांनी २००९ मध्ये, औषध न घेतलेल्या ५३ प्रौढ रुग्णांची ४४ निरोगी प्रौढांशी तुलना करून, याच बक्षीसमार्गावर डोपामिनचा संदेश स्वीकारणारे काही ग्राहक रेणू आणि ते परत पेशीत ओढून घेणारे वाहक रेणू कमी उपलब्ध असल्याचे दाखवले होते.

अर्ध्या प्रमाण-विचलनाचा फरक म्हणजे किती, हे आकड्यात पाहिले की एमआरआयचा प्रश्न आपोआप सुटतो. एडीएचडी असलेले एक आणि नसलेले एक अशा मुलांच्या शंभर जोड्या केल्या, तर साधारण ६४ जोड्यांत असलेल्या मुलाचा प्रतिसाद कमी निघेल आणि ३६ जोड्यांत जास्त. गटांच्या सरासरीबद्दल बोलायला एवढे पुष्कळ आहे, पण समोर बसलेल्या एका मुलाबद्दल त्यावरून काही सांगणे म्हणजे नाणे उडवण्याहून थोडे बरे. वडिलांनी यावर "मग सहा हजार वाचले," एवढेच म्हटले.

आजीचे बेदाणे

मार्चमधल्या एका शनिवारी मी स्वतः यार्डात जाऊन सौदा पाहिला. दुकानापुढे हळदीचे ढीग ओळीने पडलेले असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगापाशी थांबतो, बोली चढते, तुटते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. मुलगा दिवाणजींच्या डाव्या हाताला, अर्धा उभा, अर्धा बसलेला होता. प्रत्येक ढिगाला एक प्रश्न होता (भाव कितीवर तुटणार?), त्याचे उत्तर लगेच मिळत होते, ते लिहिले की दिवाणजी मान डोलावत आणि लगेच दुसरा प्रश्न सुरू होई. काम आणि फळ यांच्यात एका श्वासाचे अंतर होते. मोबाइलवर तीन तास खिळून बसणारा मुलगा अभ्यासाला का बसत नाही, या प्रश्नाचेही उत्तर बहुतांशी हेच आहे, आणि म्हणून तो प्रश्न विचारणाऱ्या पालकांना मी आता "लक्ष आहे की नाही" असे न सांगता "लक्षाला मोबदला किती वेळाने मिळतो" ते मोजायला सांगते.

असे असूनही माझी पहिली योजना चुकली, आणि ती या निरीक्षणानंतरच आखलेली होती, हे अधिक लाजिरवाणे. मी आठवड्याचा तक्ता केला. रोजच्या अभ्यासाला चांदण्या, रविवारी त्यांचा हिशेब आणि एक लहान बक्षीस, शिवाय टाळाटाळ केल्यास चांदणी वजा. वर्षाचे बक्षीस आठवड्यावर आणले म्हणजे अंतर पुरेसे कमी झाले असे मी धरून चालले होते. पहिल्या आठवड्यात बुधवारपर्यंतच वजाबाकी मिळकतीच्या पुढे गेली, मुलगा कर्जात निघाला, आणि गुरुवारी त्याने तक्ता भिंतीवरून काढून आजीच्या पलंगाखाली सरकवला. प्रौढाला आठवडा थोडका वाटतो. ज्याला इसार पोचतच नाही त्याच्यासाठी रविवार आणि वार्षिक परीक्षा यांत फारसा फरक नसतो. खेरीज, चुकीला दंड ही कल्पना मी केवळ सवयीने घातली होती.

तक्ता पलंगाखाली सापडल्याचे सांगायला आजी स्वतः आल्या, आणि बोलता बोलता त्यांच्याकडून जे कळले ते आधीच्या तीन भेटींत कोणी सांगितले नव्हते. त्या रोज संध्याकाळी त्याच्याकडून पाढे म्हणून घेत. प्रत्येक पाढा संपला की डब्यातले पाच-सहा बेदाणे त्याच्या तळहातावर ठेवत, आणि दोनापासून एकोणतीसपर्यंतचे पाढे त्याला या मार्गाने पाठ झाले होते. वडील याला लाच म्हणत, म्हणून हा व्यवहार घरात चोरून चाले. "बाई, पोटात गेल्याबिगर पोराला पटत न्हाई बगा," असे आजींचे स्पष्टीकरण होते. शुल्झ यांच्या रसाच्या थेंबापासून ते फार दूर नाही.

मला आजींच्या पद्धतीचे उगाच कौतुक करायचे नाही. तिच्यात दोन दोष होते. मुलगा रडला किंवा रुसला तरी डबा उघडत असे, त्यामुळे बेदाणे नेमके कशाचे, हा संबंध ढिला पडत होता. आणि डब्यातली गोष्ट कायम तीच असल्याने अलीकडे त्याचा उत्साह उतरू लागला होता. पण तिच्यातल्या दोन गोष्टी माझ्या तक्त्यात नव्हत्या : कामाचा तुकडा लहान होता आणि मोबदला रोखीचा होता.

नवी योजना, वारी आणि शाळा

जूनमध्ये आखलेली दुसरी योजना दिसायला अगदी किरकोळ होती. चार उदाहरणे झाली की वही समोरच्या मोठ्या माणसाने लगेच पाहायची, बरोबर उत्तरांखाली रेघ ओढायची आणि एक मणी काचेच्या बरणीत टाकायचा, ज्याचा आवाज मुलाला ऐकू येतो. दर तिसऱ्या मण्याला काहीतरी लगेच : मूठभर भडंग, पाच मिनिटे अंगणात चेंडू, आजोबांच्या जुन्या तराजूची वजने लावणे. यादी मुलाने करायची आणि दर आठवड्याला बदलायची. मणी परत काढून घ्यायचा नाही, काहीही झाले तरी. सायकलीचा विषय मी घरात बंदच करायला सांगितला, कारण त्या शब्दाने मुलाच्या मनात आता अपयशाखेरीज काही उमटत नव्हते.

पहिल्या दोन आठवड्यांत वीस मिनिटांत सुटणारी उदाहरणे चारावरून बारा-तेरावर गेली. एका मुलाच्या बाबतीत योजनेचा परिणाम खरा की योगायोग हे ठरवायचे, तर ती मध्येच थांबवून पाहावी लागते. आई त्याला मुळीच तयार नव्हती, आणि तिच्या जागी मीही नसते. पण ते आषाढीने केले. आजी दिंडीबरोबर पंढरपूरला निघाल्या, आई दुकानाच्या हिशेबात अडकली, बरणी कपाटावर गेली, आणि पंधरा दिवसांत वही पुन्हा चार उदाहरणांवर आली. आजी परतल्या, बरणी खाली आली आणि चार दिवसांत आकडा पुन्हा दहाच्या वर गेला. यावरून योजना काम करते हे जितके दिसले तितकेच तिने मुलात आतून काही कायमचे बदललेले नाही हेही दिसले. दुसरी गोष्ट पालकांना पटवणे जास्त कठीण गेले. चष्मा काढल्यावर दिसेनासे होते म्हणून चष्म्याचा उपयोग झाला नाही असे कोणी म्हणत नाही, असे मी त्यांना सांगितले.

शाळेत अडचण वेगळी होती. वर्गात पन्नासच्या वर मुले, आणि शिक्षिकेचा प्रश्न रास्त होता : "एकट्याला मणी दिला तर बाकीच्यांना काय सांगू?" तोड तिनेच काढली. पाच उदाहरणे झाली की ज्याला हवे त्याने वही घेऊन टेबलापाशी यायचे आणि सही घ्यायची, अशी सवलत तिने सगळ्या वर्गाला दिली. बहुतेक मुलांनी ती आठवड्यात सोडून दिली. हा मुलगा अजून जातो. जागेवरून उठून टेबलापर्यंत चालण्याची मुभा हा त्याच्यासाठी सहीइतकाच मोठा मोबदला असावा, असा माझा अंदाज आहे.

"मीही असाच होतो"

हे वाक्य एडीएचडीच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात कधी ना कधी येते, आणि बहुधा बापाकडून. येथे ते ऑगस्टमध्ये आले. वडिलांनी कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडले होते, जीएसटीचे विवरणपत्र ते दर वेळी दंड भरून देतात, पण सौद्यात त्यांच्याइतका तरतरीत अडत्या त्या ओळीत दुसरा नाही असे दिवाणजींनी मला सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली त्यांनी हौसेने भरली. लक्षणांची छटा स्पष्ट होती. पण धंदा, घर, नातीगोती सुरळीत असल्याने निदानाला लागणारे नुकसान नव्हते. त्यावर त्यांचा तर्क सरळ होता : मला थोडे आहे, पोराला जास्त आहे, मी मार्गी लागलो, तोही लागेल.

या तर्काचा अर्धा भाग शास्त्राला मान्य आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता, म्हणजे लोकालोकांतल्या फरकामागचा जनुकांचा वाटा, सुमारे ७४ टक्के धरली जाते, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०,१८३ रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात असे दिसले, की निदानाशी जोडलेली जनुकीय घडण आणि सर्वसाधारण लोकांत आढळणाऱ्या याच स्वभावछटांची घडण एकमेकींशी फार जवळून जुळते. म्हणजे जनुकांच्या पातळीवर ही एकच उतरंड दिसते, जिच्या एका टोकाला निदान आहे.

बक्षिसाच्या प्रतिसादाच्या पातळीवर मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. प्लिश्टा आणि शेरेस यांच्या ज्या आढाव्यात एडीएचडी असलेल्यांचा प्रतीक्षाकाळातील प्रतिसाद कमी निघाला, त्याच आढाव्यात निदान नसलेल्या निरोगी लोकांत उतावीळ स्वभाव जितका जास्त तितका व्हेंट्रल स्ट्रायटमचा प्रतिसादही जास्त, असा उलट्या दिशेचा संबंध आढळला. स्वभावछटा वाढत जाते तसा प्रतिसाद एका दिशेने घटत जातो असे चित्र असते, तर हे व्हायला नको होते. बोली चढत असताना बापाच्या डोक्यात कदाचित इसार इतरांपेक्षा जास्तच पडत असेल, आणि मुलाच्या डोक्यात तो पडतच नसेल. बाहेरून दोघे सारखेच उतावीळ दिसतात. "कदाचित" हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण या दोघांच्याही मेंदूत कोणी डोकावलेले नाही आणि गटांवरून व्यक्तीकडे येण्याचा धोका वर सांगितलाच आहे. पण बापाला ज्या युक्तीने मार्ग सापडला तीच मुलाला लागू पडेल, हे गृहीत धरायला या पुराव्यात आधार नाही, एवढे म्हणता येते. मोठ्या बक्षिसाची ओढ लावणे ही बापाची स्वतःवर चाललेली युक्ती होती. सायकल त्यातूनच आली होती.

औषध

सप्टेंबरमध्ये, सहामाहीच्या तोंडावर, मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. घरी बरणी चालत होती, पण शाळेतले पाच तास तिच्या आवाक्याबाहेर होते आणि मुलगा स्वतःला "ढ" म्हणू लागला होता. मिथाइलफेनिडेट हे औषध डोपामिन पुन्हा पेशीत ओढून घेणाऱ्या वाहकाला अडवते, त्यामुळे स्रवलेले डोपामिन पेशींमधल्या फटीत अधिक काळ राहते. वोल्को यांनी २००४ मध्ये निरोगी प्रौढांवर केलेल्या एका अभ्यासात हे औषध घेऊन गणिते सोडवताना लोकांना तीच गणिते अधिक रंजक वाटली होती. या मुलाच्या संदर्भात मला ते निरीक्षण फार बोलके वाटते.

हे औषध १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रित असल्याचे दुकानदाराने सांगताच वडील चिठ्ठी खिशात घालून परत आले. "नशेचं औषध पोराला?" या प्रश्नाला एका भेटीत उत्तर देता येत नाही, म्हणून मी तीन भेटी दिल्या. नियंत्रण गैरवापर रोखण्यासाठी आहे. मात्रा लहान असते आणि हळूहळू ठरवली जाते. भूक मंदावणे आणि झोप लांबणे हे नेहमीचे त्रास आहेत, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब पाहत राहावे लागते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७९ मुलांवरील चौदा महिन्यांच्या तुलनेत काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे केवळ वर्तन-उपचारापेक्षा अधिक कमी झाली होती. दोन्ही एकत्र दिल्याने मूळ लक्षणांत फारशी भर पडली नाही, इतर काही बाबतींत मात्र पडली. आजींनी एकच अट घातली, की सकाळी गोळीच्या आधी पोटभर खायला घालायचे. ती अट वैद्यकीयदृष्ट्याही शहाणपणाची होती.

दिवाळीनंतरची स्थिती अशी आहे. शाळेच्या दिवशी मुलगा औषध घेतो. दुपारी भूक कमी असते, ती रात्री भरून निघते. वजन स्थिर आहे. वर्गातली वही बहुतेक दिवशी भरलेली असते. मोठी उत्तरे तो अजूनही टाळतो, आणि मराठीचा निबंध आठ ओळींवर थांबतो. सायकल वडिलांनी पाडव्याला घेऊन दिली, गुणांचा उल्लेख न करता. बरणी अजून आहे. मण्यांमधले अंतर आम्ही सावकाश वाढवत आहोत : चार उदाहरणांवरून सहा, सहावरून दहा. नोव्हेंबरमध्ये पंधरावर नेऊन पाहिले, तर तिसऱ्या दिवशी पानाचा खालचा भाग पुन्हा कोरा राहिला, म्हणून सध्या ते दहावर ठेवले आहे. पुढची भेट फेब्रुवारीत, सौदे सुरू झाल्यावर ठरली आहे, आणि त्या महिन्यात घरात बरणीकडे बघायला कोण मोकळे असेल, हे अजून ठरायचे आहे.